दोन बोटं

घाणेरी काढून झाली त्या दिवशी
जमीन पहिल्यांदा दिसली, आणि वाटलं
नसती दिसली तर बरं.

मुठेच्या खोऱ्यात वीस गुंठे.
सातबाऱ्यावर अगदी सपाट होते.
आत ऐन, हिरडा, दोन जांभळी, एक वाकडा कुंभा
आणि त्यांच्या पायाशी जेसीबीनं तुडवलेला चिखल
वाळून बिडासारखा घट्ट.
टेम्पोच्या चाकोऱ्या घोट्याइतक्या खोल,
उपटलेल्या बुडख्यांचे खड्डे तोंड वासून.

मी पिंपरीत चौतीस वर्षं लेथवर होतो.
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
की जॉब भंगारात. ती चूक
मला नखाला कळायची.
म्हणून पिशवीत स्पिरिट लेव्हल घेतली, ओळंबा, सुतळी.

हिराबाई मरगळे जरा वेळ बघत राहिली.
मग पदर खोचून म्हणाली,
"भाऊ, भिंत बांधायची हाय का?"

वॉकर चालला पाहिजे, मी सांगितलं.
रस्त्यापासून जांभळीपर्यंत एकशे दहा फूट.
कुमुदच्या वॉकरला चार रबरी बुटं आहेत,
चारही सदाशिव पेठेतल्या फरशीवर वाढलेली.

"मग माती इकत आणू नगा," ती म्हणाली,
"उंचवट्याचीच खड्ड्यात घाला.
तिची तिला वळख असती."

आठ दिवस कुदळ.
ढेकळं फोडायची, मुळं वेचायची;
घाणेरीचं बोटभर मूळ राहिलं
तर पुढच्या वर्षी पुन्हा मीच यायचो, कोयता घेऊन.
मग तिच्या लेकाचा छोटा ट्रॅक्टर,
मागे साखळीला जुन्या बाजारातली लोखंडी खाट,
साडेसातशे रुपये, एक पाय मोडका.
खाटेवर वजनाला दोन धोंडे,
आणि तिसऱ्या फेरीपासून
धोंड्यांच्या जोडीला तिचा नातू, पालथा, खिदळत.

धूळ बसली तेव्हा कुंभ्याखाली
आणखी दोन रेघा दिसल्या.
टेप लावला. जेसीबीची रुंदी नाही. टेम्पोची तर नाहीच.
पुन्हा लावला. मोजमाप चुकण्यातला मी नव्हे.

हिराबाई घमेलं उलटं घालून त्यावर बसली.
"कोळशाच्या गाड्या," ती म्हणाली.
"सासू मागनं चालायची, पुण्यापातूर.
गाडीत बसायची सोय नव्हती,
बसलं तर बैलाला ओझं
आन् साडी काळी."
एवढंच. मग उठून
तिनंच पहिलं घमेलं त्या रेघेत ओतलं.
मी थांबलो होतो, ती नाही.

टँकरनं पाणी मारलं, धुमसानं ठोकलं, वर पुन्हा खाट.
संध्याकाळी लेव्हल ठेवली:
बुडबुडा मधोमध.
असा आनंद मला
निरोपसमारंभाच्या घड्याळानंही दिला नव्हता.

सकाळी माती दोन बोटं खाली बसलेली.
जेसीबीच्या चाकोऱ्या गुपचूप भरून राहिल्या होत्या,
बसल्या त्या फक्त जुन्या दोन.
भरलं. परत बसली, या वेळी एक बोट.
"तीनदा जेवल्याबिगर गप बसत न्हाई," हिराबाई म्हणाली,
जमिनीबद्दल की नातवाबद्दल, कळलं नाही.

रविवारी कुमुद आली.
पावलागणिक वॉकर टेकत,
टेकला की थांबत, थांबली की झाडांची नावं विचारत.
मी बाजूनं चाललो, हात न लावता,
लेव्हल खिशात.

कुंभ्याखाली ती थबकली.
वॉकर उचलला, टेकला.
पुन्हा उचलला, हातभर पुढे टेकला.
"इथं काही भरलंय का रे?
आवाज वेगळा येतोय."

मी खाली बसलो, मातीवरून नख फिरवलं.
काही लागलं नाही.