ठिपका म्हणजे मासा नव्हे

जेल गार असतं, आधीच सांगते, म्हणाली एलिन्बोर,
आणि बाटली क्षणभर काखेत धरून ऊबवली.
मी हसलो. जानेवारीत नोल्सोयच्या पलीकडे
उघड्या हातांनी जाळं ओढणाऱ्याला
ही बया गारठ्याची ताकीद देते.

टॉवेल जिथवर लाज, तिथवर.
मग यंत्र टेकलं
आणि पडद्यावर राखाडी चुरा सांडला.

ओळखीचा वाटला.
वीस वर्षं माझ्या केबिनमध्ये असाच एक पडदा लुकलुकतोय.
खाली आवाज सोडायचा, वर त्याचा माघारा झेलायचा,
आणि त्यावरून ठरवायचं:
कॉड आहेत, की खडक,
की पाण्याचाच एखादा थर,
ज्यानं माझ्या बापालाही दोनदा फसवलं.

गेल्या खेपेला कोपनहेगनात
अंदाजपंचे कापलं होतं.
इथून एक कण, तिथून एक, दोन्ही बाजूंना.
परतीच्या विमानात पाय फाकून बसलो
तर शेजारचे पाद्री म्हणाले, शिडीवरून पडलात का?
हो म्हणालो.
अहवालात एकच आकडा होता. शून्य.

त्याआधी सहा वर्षं औषधं सगळी मार्युनलाच.
माझी मावशी तिला कॉडच्या यकृताचं तेल पाजायची
चमच्या-चमच्यानं, नजर पोटावर ठेवून.
मी समोर बसून बटाटे सोलत होतो.
एक शब्द बोललो नाही.
हे तुझ्या पडद्यावर कुठे दिसतं, एलिन्बोर?

तिनं कळ दाबली.
राखाडीत लाल-निळे दोरे उमटले.
हे रक्त, म्हणाली. जिथे ते नीट पोचतं
तिथे काही जिवंत सापडायची शक्यता जास्त.
उजवीकडे जवळजवळ सगळा काळोख.
डावीकडे, वरच्या टोकाला, मटारएवढ्या जागेत
दिवे लागलेले,
हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी
तीन घरांचं गाव दिसावं तसे.

तिनं तिथे फुली मारली.
डॉक्टर आता इथेच जातील. एकच छेद.
बाकीचं शाबूत राहील.

मी तिला माझ्या धंद्यातलं एक सांगितलं:
ठिपका म्हणजे मासा नव्हे.
माहीत आहे, ती म्हणाली,
आमच्याकडेही नव्हे.
आणि पुसायला कागद दिला.
कोण जाणे का, पण तेव्हाच
माझा तिच्यावर विश्वास बसला.

खाली मार्युन गाडीत होती,
काचा आतून धुरकटलेल्या.
काय दिसलं?
मी बोटानं काचेवर एक लांबट गोल काढला,
वरच्या टोकाला फुली.
हा काय, बटाटा? ती म्हणाली.

हो, म्हणालो,
आणि तिथूनच सुरुवात केली.
ते तेल, तो चमचा,
माझ्या हातातली सुरी.

तिनं हात लांब करून हीटर बंद केला,
काच निवळू नये म्हणून,
आणि थंडीतच ऐकत राहिली.