वेगळं कार्ड न लावता

कुतैसीत फेब्रुवारी. दुकानाच्या काचेवर बाहेरून बर्फ,
आतून माझा श्वास.
टेबलावर उघडाच बोर्ड, खोका नाही, झाकण नाही,
मधोमध काड्यापेटीहून लहान तो प्रोसेसर.
चित्रं काढणारा भाग त्याच्या पोटातच आहे म्हणे.

माक्वालाच्या शाळेला चौदा कॉम्प्युटर हवेत.
पैसे असे, की कार्डाचं नाव काढलं
तर खुर्च्या कमी कराव्या लागतील.
"तू फक्त सांग, पोरांना पुरेल का."

वाटाण्याएवढा पेस्टचा थेंब ठेवला,
पंखा बसवला, चार स्क्रू, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे,
चाकाचे नट आवळतात तसे.
भिंतीच्या सॉकेटात मीटर.
नुसता बसून एकोणीस वॉट.
हे बरंय. आमच्या गल्लीत
रिकामा बसलेला माणूस याहून जास्त खातो.

कामाला जुंपला तेव्हा एकशे आठ.
तापमान चौऱ्याऐंशीला जाऊन थबकलं.
दोनशे फोटो लहान केले त्याने
माझा चहा ओतून होईपर्यंत.
मग खेळ लावला: डोंगरातला रस्ता, धुकं, एक लाल गाडी.
सेकंदाला बावीस फ्रेम.
वळणावर गाडी अडखळली,
जशी रस्त्यालाच उचकी लागावी.
वहीत बावीस लिहिलं
आणि पेन तसंच धरून बसलो.

सोळा जीबी घातली होती, दिसत होती चौदा.
दोन कुठे गेली ते ठाऊक होतं.
चित्रवाल्याला स्वतःची मेमरी नसते,
तो थोरल्याच्या पानातूनच घास उचलतो.
ताटातलं वाटीत, वाटीतलं ताटात.
हिशोबाला काही कमी पडत नाही,
भुकेला पडतं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात
मला आणि आंझोरला मिळून एक कोट होता.
वीज दिवसातून तासभर, तीही रात्री तीनला.
तो पावाच्या रांगेत, तेव्हा मी गोधडीत.
मी शाळेत, तेव्हा तो गोधडीत.
कुणी विचारलं असतं, दोघांना पुरतो का,
तर आई हो म्हणाली असती
आणि ते खोटं नव्हतं.
फक्त त्या वर्षी आम्हा दोघांना
रस्त्यावर एकत्र कुणी पाहिलं नाही.

उठलो. सोळाची ती एक पट्टी काढली,
आठाच्या दोन लावल्या, एक खाच सोडून एक.
मेमरी तेवढीच. दारं मात्र दोन.
छत्तीस.
गाडी वळणावरून सरळ गेली
आणि मला पहिल्यांदा दरी दिसली.

"छत्तीस म्हणजे चांगले का रे?"
ज्याने एकशे वीस पाहिलेत त्याला नाहीत, म्हटलं.
तिच्या धाकट्याने, लुखुमीने, तोवर
गाडी कडेला लावली होती
आणि पुलाखालचं पाणी बघत बसला होता.
उभ्या गाडीला किती फ्रेम लागतात
ते मी मोजलं नाही.

अहवालात लिहिलं:
चौदा घ्यावेत. कार्डाची गरज नाही.
मेमरीच्या पट्ट्या दोन-दोनच घ्याव्यात,
एक मोठी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.
या ओळीखाली दोनदा रेघ मारली.
'दहापैकी गुण' पुढची जागा रिकामी ठेवली होती.
माक्वाला म्हणाली, आकडा नसला
तर नगरपालिका कागद परत पाठवते.
सात लिहिले.

दोघं गेल्यावर वीज बंद केली.
पंख्याखालचं धातूचं जाळं अजून गरम होतं,
एकच तळवा मावेल एवढं.
आळीपाळीने दोन्ही हात शेकले.