बंद आसा, मराक नाय

इनासबाबचा अँप आज पुन्हा माझ्या टेबलावर आलाय.
भाच्याने आणला, स्कूटरवर पायांत धरून,
बांगड्यांच्या क्रेटसारखा.
'चालतोय का बघ. नायतर भंगारात.'

वेंगुर्ल्याच्या बंदराकडच्या रस्त्याला माझं दुकान.
मिक्सर, पंखे, होड्यांचे वायरलेस,
मे महिन्यात बर्फवाल्यांचे स्टॅबिलायझर.
काचेच्या नळ्यांचं यंत्र तेवढं हे एकच,
आणि ह्याच्यावरच मी शिकले
सोळाव्या वर्षी, वडलांच्या स्टुलावर बसून.

'चेडवा, बटण बंद केलंस, ता माका दिसला.
प्लग काढ.
आता बस. चाय पी.'
मी म्हटलं, बंद तर आहे.
'बंद आसा. मराक नाय.'

आत अंगठ्याएवढे कपॅसिटर,
चारशे व्होल्ट पोटात घेऊन गप्प.
भावकीत अढी धरतात तसे,
दिवे गेल्यावरही, प्लग निघाल्यावरही.

डावा हात पाठीमागे.
हे त्यांनी सांगितलं नाही,
माझा हात उचलून स्वतःच मागे नेऊन ठेवला.
दोन्ही हात आत गेले
तर वीज छातीतून वाट काढते.
मग रबरी मुठीची सळई, तिला बांधलेला रेझिस्टर,
हळूहळू उतरवायचं. मग मीटर.
काटा शून्याला टेकला
तरी ते म्हणत, 'आजून येकदा.'

जहाजांच्या बँडमध्ये अठरा वर्षं वाजवत होते.
कुठल्या बंदरात काय झालं, कधी बोलले नाहीत.
एकदाच:
मोंबासाचा कसलासा क्लब, पावसाने ओली फरशी,
शेजारी गिटारवाला, सांतान नावाचा,
तारांवर एक हात, दुसऱ्याने माईक धरला.
'थंय अर्थ नाय होतो,' म्हणाले,
आणि मला वाटलं
ते जगण्याबद्दल बोलतायत.

दुसऱ्या दिवशी आमच्या मागीलदारी खड्डा.
मीठ, कोळसा, मीठ, कोळसा,
मध्ये तांब्याची पट्टी.
आई म्हणाली, एवढ्या मिठात
वर्षाचे सुके मासे झाले असते.
अजून दर उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी घालते मी.

मागची जाळी उघडली.
खाऱ्या हवेने नळ्यांचे पाय हिरवट,
आणि ट्रान्सफॉर्मरच्या उबेला
पालीची दोन अंडी, शेंगदाण्याएवढी, रिकामी.
वर करपलेल्या वार्निशचा वास.

'स्पीकर जोडलेला होता?'
भाचा रस्त्याकडे बघतो.
काल रात्री फेस्ताला वाजवला म्हणे,
'वायर कोणाच्या तरी पायात आली असणार.
आवाज येत नव्हता, म्हणून वाढवत गेलो.'

मी त्याला ओरडले नाही.
मीही एकदा तसंच करणार होते,
इनासबाबने मनगटच धरलं.
'ऐकणारो नसलो, की गाणारो आतल्या आत करपता.'
एवढं बोलून विडी पेटवली.
नंतर खूप वेळाने, 'आधी स्पीकर, मगे करंट. लिव्हन ठेव.'
मी लिहून ठेवलं. तो खडू अजून भिंतीवर आहे,
रंग देताना तेवढा चौकोन सोडायला लावते.

नोव्हेंबरात गेले ते.
दफनाला मला उशीर झाला; बर्फ कारखान्याचं पॅनेल जळालं होतं.

वाइंडिंग कोल्हापूरला पाठवावं लागेल.
नळ्या मात्र शाबूत, चारही.
फडक्यात धरून एकेक काढते, तरी हात कापतो.
गरम असताना ह्यांना हलवायचं नाही,
आतली तार तेव्हा मऊ असते.

मीटर लावते. सदतीस व्होल्ट.
रात्रीचे. कोणी न ऐकलेले.

'किती वेळ लागेल गं?' भाचा हात पुढे करतो,
आत काहीतरी दाखवायला, बोट अगदी जवळ.
मी त्याचा डावा हात धरते
आणि त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवते.

बस, म्हणते.
चाय पी.