दर अक्षरावर

इपोहच्या चुनखडी डोंगरापाशी माझं दुकान.
मेलेल्यांची नावं मी दगडात खोदतो.
दर अक्षरावर, रेघांवर नाही.
पाटीवरच लिहिलंय तसं.

मंगळवारी याप बाईंची मुलं आली.
थोरला क्वी हुआत, सिंगापूरहून, घड्याळ बघत.
धाकटी स्यू इम, हातात प्लास्टिकची पिशवी.

"आडनाव जुन्या वळणाचं," तो म्हणाला,
"आजोबांच्या थडग्यावर आहे तसं."
मी खडूने काढून दाखवलं:
वर गवत, खाली झाड,
मधे दोघांत दबलेली एक पिढी.
बारा-तेरा रेघा, आणि अर्थ एवढाच: पान.

स्यू इमने पिशवीतून वही काढली.
उधारीची, तेलाने पारदर्शक झालेली.
पानापानाखाली आईची सही, नव्या वळणाची.
एक तोंड, शेजारी दहाची फुली.
पाच रेघा. अर्थ तोच: पान.

"पन्नाशीत शिकली,
माझ्या लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून,
रात्री गाडा धुऊन झाल्यावर.
तोवर अंगठा."

"हे अक्षर आहे का? सांगाडा आहे.
गाड्याची पाटी बघ. नूडल्समधला गहू काढून टाकलाय,
नुसता चेहरा उरलाय."

"चेहराच होता आपल्याकडे.
गहू उधारीवर यायचा."

गिऱ्हाइकांच्या भांडणात
छिन्नीला धार लावत बसावं, हे बापाचं शिक्षण.
तरी मनात म्हटलं,
एक तोंड नि दहा, हिशेब काही चुकलेला नाही.
घरात दहा जणं होती म्हणे, आजेसासू धरून.

मग तो वही चाळायला लागला.
कुठे फुली कललेली,
कुठे पेन्सिल मोडून पुन्हा सुरू झालेली.
एका पानावर खालची रेघच राहून गेली होती.
तोंड उघडंच.
तिथे त्याने बोट ठेवलं.
बराच वेळ.

"असंच खोदता येईल?
हे असं, उघडं?"

"येईल."

"जास्त पडतील?"

मी पाटीकडे बोट दाखवलं.

ते गेल्यावर बाह्या झटकल्या.
धुळीचं जुनं अक्षर म्हणजे मातीवर एक हरीण,
नवं म्हणजे बारकी माती.
चाळीस वर्षं झाली या धंद्यात,
फुप्फुसात काय साठलंय ते डॉक्टरला दिसतं.
हरीण काही दिसलं नाही, म्हणाला.