धर्मकाटा

अमळनेर-पारोळा रस्त्याला फेब्रुवारीत
पऱ्हाटीची ट्रॉली येते ती रस्त्यापेक्षा रुंद.
मागचा हॉर्न देत राहतो, पुढच्याला ऐकू येत नाही,
कडेच्या बाभळी आपापला वाटा ओरबाडून घेतात.

मी काचेमागे बसून आकडे लिहितो.
भरलेली, रिकामी, वजाबाकी.
मग मोळीत दांडा खुपसून मीटर बघायचा :
ओलावा पंधराच्या आत हवा.
सतरा आला की हिलाल बापू मीटरकडे असे बघतात
जसं त्यानं भर पंगतीत त्यांना नाव ठेवलंय.

पलीकडे कुट्टी, कुट्टीच्या गोळ्या,
गोळ्यांचे ट्रक कोंडाईबारी उतरून जातात.
तिथं पुढे कुठल्याशा भट्टीत
त्यांचं तेल होतं. विमानाचं.

साहेबांनी एकदा बाटली आणली होती.
पाण्यासारखं नितळ. बेबाबाईंनी हुंगलं.
"हाई आमनी पऱ्हाटी? हाई ते राकेल शे!"
मग वर बघत, "धूर ते तठेबी व्हईच ना?"
साहेब हसले, म्हणाले, उगवताना झाडानं हवेतून घेतलं,
जळताना तेवढंच परत.
मला अर्धं कळलं. बेबाबाईंना बहुतेक पाऊण,
कारण त्यांनी विचारलं, "आनि ट्रकना धूर?"

आमच्या काट्यावरचं कुणी विमानात बसलेलं नाही,
सुपडूचा भाचा सोडून.
तो म्हणतो, झोप लागली.

परवा मोळीतून एक बोंड गळलं, न उमललेलं.
नखानं फोडलं तर आत गुलाबी अळी,
अंग मुडपून निजलेली,
पाऊस पडेपर्यंत थांबायच्या बेतात.
तिचंही वजन धरलं होतं मी.
जूनमध्ये पंख फुटलेच असते तिला,
कुणाच्या तरी कोवळ्या कपाशीवर.
आता दुसऱ्या वाटेनं जाईल.
पस्तीस हजार फूट, म्हणतात.
मी बोंड मिटून परत मोळीत खोचलं.
असेल दोन ग्रॅम.

भरलेली ट्रॉली काट्यावरून उतरली,
आकडा पावतीवर आला
की बेबाबाई हळूच एक पेंढी खाली ओढतात.
बामणोदची हिरवी वांगी घरी आलेली असतात,
आणि गॅसवर भाजलेल्याला त्या भरीत म्हणत नाहीत.

मी तेव्हा पेनाचं टोपण शोधत असतो.
दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याशेजारी
दुसरा एक डबा असतो, झाकण घट्ट लावलेला.
उघडला की केबिनभर पऱ्हाटीचा धूर.
ओलावा मोजत नाही.