पाच नंबरचं पोर्ट

कॅबिनेटची डावी बाजू काढून फरशीवर ठेवली
आणि आतली चार वर्षांची धूळ
रंगाच्या ब्रशने, हलक्या हाताने झटकली,
कॅमेरा सुरू व्हायच्या आधी
नवरीच्या गालावर सांडलेलं कुंकू झटकावं तशी.

हे यंत्र माझ्या हातचं. यावर कंपनीचं नाव नाही.
बोर्ड सिल्व्हर मॉलमधला, पंखा जेल रोडवरचा,
एसएमपीएस शाकिरच्या दुकानातून उचललेला.
तो तेव्हाच म्हणाला होता,
"चार डिस्क झेल लेगा भिया,
पाँचवीं आपकी जिम्मेदारी."

चार होत्याच.
फडताळातल्या ताटांसारख्या एकीवर एक,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, माझं गिचमिड अक्षर:
मुळ्ये–रेटरेकर, मे अकरा.
खांडवेकर मुंज, दोन कॅमेरे.
देवासकर रिसेप्शन, दिवे गेले ते.

लोक म्हणतात, पुसून टाक. सीडी दिल्यास ना त्यांना?
दिल्या. सीडी आता कुणाच्या घरात वाजते?
यातली तीन लग्नं मोडली.
एका नवरदेवाच्या आईने फोन करून विचारलं,
त्यातून ती मुलगी तेवढी काढता येईल का.
म्हटलं, काकू, मग नुसता मंडप उरेल.

परवा आणखी एक फोन.
"काका, मी मृण्मयी रेटरेकर. म्हणजे, आता परत मुळ्ये.
मला लग्न नकोय त्यातलं. बाबा हवेत.
अंतरपाटाच्या वेळी मागून म्हणतात ते, पंखा लावा रे.
माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही."

मे अकरा हल्ली खरखरते.
म्हणून आधी नकलेसाठी ही पाचवी आणली.
च्युइंगमच्या पट्टीएवढी. फिरत नाही, बोलत नाही.
बोर्डावरच्या फटीत तिरपी घालायची, दाबायची,
वर एकच स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा.
तो निसटला.
अख्खी दुपार सोफ्याखाली टॉर्च.

शेवटी तसंच बटण दाबलं.
सी, डी, ई, एफ.
परत मोजलं. चारच.
नवीने येताक्षणी एफ हे अक्षर घेतलं होतं,
ताटातल्या तांदळात बोटाने लिहून दिल्यासारखं,
आणि जिचं ते अक्षर
ती मे अकरा
घरातच नव्हती.

हात गार पडले. बाहेर बेचाळीस डिग्री.

मॅन्युअल. पान एकोणतीस. तळाला मुंगीएवढी ओळ:
ही फट भरल्यास पाच नंबरचं पोर्ट बंद राहील.

बंद.
मेली नव्हती ती. तिचा रस्ता मीच
पाहुणीला देऊन बसलो होतो.

केबल पाचातून उपटली, दोनात खोचली.
टक्.
मग ती घरघर, म्हाताऱ्या माणसाने
बोलण्याआधी खाकरावं तशी.
आली. जी असं नवंच अक्षर लावून,
पण आली.

मिनिट सत्तेचाळीस. बेसूर सनई, अक्षता.
बाबा फ्रेममध्ये नाहीतच.
मी मूर्ख तेव्हा हारांवर झूम करून उभा.
डावीकडून कुठूनतरी:
"अरे, पंखा लावा रे कुणीतरी,
पोरीला घाम येतोय."

दुसरी ओळ तिच्या लक्षात नव्हती.

अकरा सेकंद कापले. पाठवले.
निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.
काय लिहिणार?

स्क्रू अजून सापडलेला नाही. पट्टी चिकटपट्टीवर तगून आहे,
शाकिरला सांगू नका.
खाली कचरागाडी गाणं वाजवत आली,
तिच्यात जुन्या यंत्रांचा डबा वेगळा असतो.
बायकोने जिन्यातून विचारलं, काही द्यायचंय का?
म्हटलं, नाही.

नक्कल अजून चालू आहे, एकोणीस टक्के.
डिस्क हाताला तापलेली लागते.
कॅबिनेट उघडंच ठेवलंय
आणि टेबलफॅन
तिच्याकडे वळवलाय.