चुंबक न धरणारं

फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून
मी चिखल्याच्या रस्त्यावरून ओढत न्यायची.
लोखंडाचा कीस मिशांसारखा चिकटायचा,
आईच्या पाटीतला काळा दगड मात्र ढिम्म.
"मँगनीज हाये थे," आई म्हणायची,
"त्याले चुंबक धरत नाई."

त्याच चुंबकानं एका दुपारी
मी बाबांची दंडार पुसली.
कॅसेटवर नुसतं घासून पाहिलं, बस.
रात्री लावली तर ढोलकी अर्धी,
आणि बाबांच्या जागी खरखर.
बाबा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.
आई ओरडली नाही.
तिनं बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

आता मी त्याच धातूचे थर बसवते,
केसाच्या जाडीत हजारो मावतील असे.
आत प्रत्येक अणूची एक सुई :
एक वर, शेजारची खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.
बेरीज शून्य.

खाणीवर दगड निवडायला बसायच्या ना
आई आणि चैतराबाई, पाठीला पाठ,
एकीचं तोंड डोंगराकडे, दुसरीचं मालधक्क्याकडे.
सात वर्षांचा अबोला.
रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, इथं काहीच नाही.
काहीच नाही कसं?
किती पाट्या भरल्या, मुकादमानं किती लिहिल्या,
दोघींच्या पदराच्या गाठीत
चिंचोके तंतोतंत.

तसंच हे. बाहेर ओढ नाही,
म्हणून खेटून बसवलं तरी
एकाचं दुसऱ्याला बाधत नाही.
आणि वळतं तर असं, की पापणी लवेपर्यंत
दहा हजार कोटी वेळा कूस बदलून होईल.
(हे कागदावरचं. माझा नमुना
चारदा लक्षात ठेवतो, पाचव्यांदा विसरतो.
सर म्हणतात, थर नीट बसला नाही.)

दिवाळीला एक तुकडा घरी आणला, नखाएवढा.
आईनं चष्मा लावला.
"यात आपली माती किती?"
"चिमटीला लागेल त्याहून कमी."
"आन् मजुरी?"
मी हसले. ती नाही.

फळीवरच्या डब्यातून तिनं ते चुंबक काढलं.
ठेवलं होतं तिनं, वीस वर्षं.
माझ्या तुकड्यावर टेकवलं.
माझा हात आपोआप पुढे गेला,
मग आठवलं.

"पुसलं?"
"नाही. याला चुंबक पुसत नाही."

तिनं तसंच दाबून धरलं थोडा वेळ.
"मंग तवाच कामून नाई आनलं वो?"